पुलावरची बांधी

मी आता जे सांगणार आहे ते कोणी खरं मानणार नाही. माझी बायको निर्मला मानत नाही, आणि ती तर त्या धानाचा भात जेवली आहे.

मागच्या हिवाळ्यात सौंदडच्या स्टेशनवर मी ही गोष्ट सांगितली. गोंदियाची गाडी लेट होती. किती लेट, ते कोणी सांगत नव्हतं आणि विचारायची कोणाला घाईही नव्हती. रुळांवर धुकं बसलं होतं. पलीकडची शेतं दिसत नव्हती, नुसता ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास येत होता. बाकावर माझ्या एका अंगाला सुमित्राबाई, मांडीवर तांदळाची थैली घेऊन लेकीकडे निघालेली. स्वतःच्या दोन एकरांत स्वतः वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणारी बाई, त्यामुळे धानाच्या बाबतीत तिला फसवणं कठीण. दुसऱ्या अंगाला भैय्यालाल, नाल्यांवर लहानसहान पूल-रपटे बांधणारा ठेकेदार, त्यामुळे सिमेंटच्या बाबतीत त्याला फसवणं कठीण. मला असेच श्रोते आवडतात.

विषय भैय्यालालनंच काढला. "बकारामजी, आजकाल कंपन्या सुपरवायझर लोकायले ट्रेनिंग देऊन राहिल्या. कमर्शियल अवेअरनेस म्हणतात. एसी हॉलमदी बसवतात, समोसा देतात. त्यानं का होते जी? सिमेंट लवकर सुकते?"

"मी बसलो आहो त्या ट्रेनिंगमदी," मी म्हणालो.

"तुमी? तुमी तं चौकीदार होते!"

"खुर्ची रिकामी होती. समोसाही रिकामा होता."

सुमित्राबाई हसली, थैली नीट केली आणि माझ्याकडे वळून बसली. बाई अशी वळून बसली की गोष्ट सांगावीच लागते.

दहा-बारा वर्षांपूर्वीचं हे. अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, आंबेटोल्याच्या नाल्यावर आमच्या कंपनीनं पूल घेतला होता. कंपनी म्हणजे दुलीचंद शेठ, त्यांची एक जीप आणि दोन मिक्सर. साइटचा सुपरवायझर देवाजी. सळाखी बांधता-बांधता वर चढलेला माणूस. उभा जन्म उकिडवं बसून तार पिळली, त्यात त्याचे गुडघे गेले. सुपरवायझर झाला तेव्हा त्याची बायको कुसुमबाई म्हणाली होती, "पगार वाढो न वाढो, आता तुमी उभे तं राहाल."

पण देवाजीचा हात सढळ. मिक्सरमध्ये थोडा माल उरला की कोणीतरी येऊन उभं राहायचंच. कोणाला विहाराची पायरी हवी, कोणाला धुण्याचा दगड, कोणाला बैलांचं टाकं. देवाजीला नाही म्हणता येत नसे. नाल्यात पुलाचे खांब गुडघाभर उभे राहिले तोवर अख्खा आंबेटोला पक्का होऊन गेला होता.

एक दिवस शेठ जीपमधून उतरले. पूल पाहिला, गाव पाहिलं, पुन्हा पूल पाहिला.

"देवाजी, ठेका पुल का लिया है कि गाँव का?"

देवाजी खाली पाहून उभा.

"गोंदिया में ट्रेनिंग है, जा के बैठ. उसके बाद एक घमेला भी फोकट में गया, या बारिश के पहले पुल हाथ में नहीं दिया, तो तू वापस सरिया बाँधेगा. समझा?"

देवाजी समजला. सरिया म्हणजे पुन्हा सळाखी, पुन्हा उकिडवं. मी त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं. तेही समजले होते.

"बिचारा," सुमित्राबाई म्हणाली.

"थांब, आत्ता तं तो गोंदियाले जाऊन राहिला."

एकट्याला भीती वाटते म्हणून तो मला घेऊन गेला. हॉल इतका थंड होता की देवाजीनं टॉवेल डोक्याला गुंडाळला. शिकवायला पुण्याच्या रचना मॅडम. आवाज असा मऊ, की ऐकता-ऐकता अर्धे सुपरवायझर झोपले, आणि जे झोपले त्यांनाच जास्त लक्षात राहिलं. मी झोपलो होतो, म्हणून मला सगळं पाठ आहे.

"दादा," मॅडम म्हणाल्या, "साइटवर कोणी काही सांगितलं की लगेच हात हलवायचा नाही. आधी विचारायचं, हे कोणी सांगितलं? हे आपल्या नकाशात आहे का? नसेल तर खर्च कोणाचा आणि वाढलेले दिवस कोणाचे? आणि काम अडलं, तर ज्या दिवशी अडलं त्याच दिवशी साहेबांना कळवायचं. पूल झाल्यावर सांगायला गेलात, तर ती तक्रार होते. त्याच दिवशी सांगितलंत, तर तो हक्क होतो."

देवाजीनं हात वर केला. "मॅडम, उरलेला माल फेकून देऊ का?"

मॅडमनी विचार केला. "फेकू नका. उरूच देऊ नका."

येताना गाडीत देवाजी खिडकीबाहेर पाहत होता. सगळी शेतं मागे पळत होती आणि तो पुटपुटत होता, "कोनं सांगितलं, नकाशात आहे का, खर्च कोनाचा, दिवस कोनाचे." गाडीची चाकं तेच म्हणत होती. मी स्वतः ऐकलं.

"चाकं काही म्हनत नाही," भैय्यालाल म्हणाला.

"तुमी ट्रेनिंगले गेले नाही ना, मंग तुमाले कसं आयकू येईल?"

साइटवर परतला तो निराळाच देवाजी. आंबेटोल्याची सुशिलाबाई, रोवणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी, घमेलं घेऊन आली. "देवाजीभाऊ, दारासमोर खड्डा झाला, दोन घमेले दे."

"हे कोनं सांगितलं, बाई? नकाशात आहे का?"

सुशिलाबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "माझी बकरी खड्ड्यात पडली बाबा. तुझ्या नकाशात बकऱ्या राहतात का?"

पण देवाजी हलला नाही. रिकामं घमेलं घेऊन बाई परत गेली. देवाजी त्या दिवशी जेवला नाही.

माघात स्लॅब ओतून झाला. चांगला पडला, सपाट, आरशासारखा. आता त्याला पाणी पाजायचं, म्हणजे क्युरिंग. ते काम माझं. दिवसभर पाइप धरून कोण उभं राहणार? स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालायचे, पाणी कोंडायचं, की काँक्रीट आपलं आपण पीत राहतं. सगळेच असं करतात. मी फक्त थोडं मन लावून केलं. माती तलावातली आणली, काळी, लोण्यासारखी. आणि बांध घालून माती उरली, ती आत पसरली.

"किती?" भैय्यालालनं विचारलं.

"ढोपरभर."

"ढोपरभर! स्लॅब खाली येईल का नाही!"

"सेंट्रिंग काढलं नव्हतं, ठेकेदार. खाली टेकूच्या बल्ल्या उभ्या होत्या, जंगलासारख्या."

भैय्यालालनं मनात बल्ल्या मोजल्या आणि मान हलवली. मी पुढे सरकलो.

सकाळी धुकं नाल्यातून वर यायचं आणि पुलाचे खांब गिळून टाकायचं. मग नुसती ती पाण्यानं भरलेली बांधी हवेत राहायची. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेताचा एक तुकडा, चारी बाजूंनी बांध घातलेला. तशीच ती, पण खाली जमीन नाही. तिच्यात आभाळ पडलेलं असायचं. मी काठावर बसून विडी प्यायचो तेव्हा कळायचं नाही की मी आभाळाच्या वर बसलोय का खाली.

त्याच दिवसांत आंबेटोल्यात उन्हाळी धानाचा रोवणा चालू होता. आता आमच्याकडची एक रीत तुला माहीत आहे, सुमित्राबाई. रोवणा संपतो त्या दिवशी पऱ्ह्याच्या, म्हणजे रोवायच्या रोपांच्या, चार पेंढ्या उरतातच.

"उरलेलं पऱ्हं कोनी फेकत नाही," सुमित्राबाई म्हणाली. "ज्याची बांधी मागं राहिली, ज्याच्याकडे मानसं नाही, त्याच्या बांधीत लावून देतो. पैसे नाही घेत."

"हाऽ. तं सुशिलाबाईची टोळी संध्याकाळी घरी चालली होती. डोक्यावर उरलेल्या पेंढ्या. पुलाजवळ आल्या तं का पाहतात? बांध घातलेली, चिखल केलेली, पानी भरलेली बांधी. अन् तिच्यात एक काडी नाही. सुशिलाबाई म्हणाली, अगं, देवाजीची बांधी मागं राहिली वाटते. म्हणूनच तो भांबावल्यासारखा करून राहिला."

बल्ल्यांच्या शिडीनं बाया वर चढल्या. मी तेव्हा चहा प्यायला गेलो होतो. चौकीदार चहाला जातो तेव्हाच जगात काहीतरी घडतं. लांबून मला गाणं ऐकू आलं, वरून, पाखरांच्या उंचीवरून. पाहिलं तर बायांची ओळ आभाळात वाकली होती आणि मागे-मागे सरकत होती, आणि जिथून ती सरकली तिथं आभाळ हिरवं होत होतं.

सकाळी देवाजी आला. पुलाखाली उभा राहून त्यानं वर पाहिलं. पऱ्ह्याची टोकं बांधावरून डोकावत होती.

"बकाराम," तो हळूच म्हणाला, "हे नकाशात नाही."

सुशिलाबाईला बोलावलं. देवाजीनं विचारलं, "कोनं सांगितलं होतं?"

"कोनं सांगावं लागते का?"

"खर्च कोनाचा?"

"उरलेल्या पऱ्ह्याचा खर्च कोन धरते? तू आमाले पायऱ्या देल्ल्या, टाकं देल्लं, आमी मोजलं का?"

"उपटा," देवाजी म्हणाला. "बाई, माझी नोकरी जाईल. हे उपटा."

सुशिलाबाईनं स्वतःचे हात पाहिले, उलटे-सुलटे करून. "रोवलेलं धान उपटाचं? हे हात त्याच्यासाठी नाही, भाऊ. तुझे असतील तं तू उपट."

देवाजी वर चढला. चिखलात उतरला, गुडघे करकरत वाकला, एका रोपाला हात घातला. बराच वेळ तसाच वाकलेला राहिला. मग रोप सोडलं, थोडं तिरकं झालं होतं ते सरळ केलं, आणि खाली आला.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? लपवलं असतं. ताडपत्री टाकली असती. पण देवाजी ट्रेनिंगला बसला होता. तो तलावाच्या पाळीवर चढला, कारण मोबाइलला तिथंच रेंज यायची, आणि त्याच दिवशी साहेबांना कळवलं. साहेब म्हणजे पुलाचं काम पाहणारे सरकारी इंजिनिअर.

"साहेब, स्लॅबवर धान लागलं."

साहेब जेवत होते बहुतेक. "पानी उभं आहे ना स्लॅबवर?"

"आहे, साहेब."

"मग राहू द्या."

देवाजीनं फोन ठेवला आणि त्याचा चेहरा उजळला. "बकाराम! साहेबानं सांगितलं! कोनं सांगितलं, याचं उत्तर भेटलं!" त्याच संध्याकाळी त्यानं साहेबांना चिठ्ठी पाठवली, की आपल्या आज्ञेप्रमाणे धान राहू दिलं आहे, दिवस वाढल्यास ते आपले.

"हुशार," भैय्यालाल म्हणाला. यावेळी त्याच्या आवाजात खराच आदर होता.

धान वाढलं. खाली पाणी वाहतं, वर पाणी उभं, दोन्हीकडून गारवा. चैत्रात ते कमरेला लागलं. दुपारी पुलाखाली बायका भाकर खायला बसायच्या, तर डोक्यावर वाऱ्यानं धान सळसळायचं, आणि बोलता-बोलता एकेकीचा डोळा लागायचा. गुरं चारणारे तिथंच पडायचे. जागे झाले की म्हणायचे, आम्ही धानाच्या मुळाशी झोपलो होतो आणि मुळं आमच्याशी बोलत होती. मी चौकीदार, मी झोपत नव्हतो. मी फक्त डोळे मिटून राखण करत होतो.

आणि मग सारस आले. जोडी. सकाळच्या धुक्यातून उतरले, लाल मान, लांब पाय, पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालून गेले, उद्घाटनाला आल्यासारखे. चालून झालं आणि मध्यभागी तणस गोळा करून घरटं बांधलं.

"सारस पावसाळ्यात अंडे देते," सुमित्राबाई ताबडतोब म्हणाली.

"देते ना."

"मंग हे तं उन्हाळ्यातलं सांगून राहिला तू!"

"या जोडीनं ॲडव्हान्स घेतला होता, बाई."

भैय्यालाल इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि तो ठसका थांबेपर्यंत सुमित्राबाईचा प्रश्न धुक्यात विरून गेला.

देवाजीनं पुन्हा पाळीवर चढून साहेबांना कळवलं. वनखात्याचा माणूस आला, पाहून गेला, म्हणाला, पिल्लं निघेस्तोवर कोणी हात लावायचा नाही. देवाजीनं हेही साहेबांना कळवलं. कोनं सांगितलं, दिवस कोनाचे. तो आता अगदी शांतपणे कळवायचा.

शांत नव्हते ते शेठ. वैशाखात आले. वर आभाळात पिवळं पडत चाललेलं धान, त्यात सारसाची मान. शेठ ओरडायला तोंड उघडून उभे राहिले, पण वरून लोंब्यांचा असा काही नाद आला की ओरडणं राहून गेलं. ते एका दगडावर बसले.

"देवाजी," ते झोपेतल्यासारखे म्हणाले, "मेरी माँ ऐसे ही खेत में काम करती थी."

मग भानावर आले. "सुन. बारिश सर पे है. दिन गये, बल्लियों का किराया गया, मिक्सर खाली बैठा है. ये सब दिन साहब मान ले और उसका पैसा मिल जाए, तो तू सुपरवायझर. नहीं तो कल से सरिया."

त्या संध्याकाळी कुसुमबाई डबा घेऊन आली आणि दोघं नवरा-बायको नाल्याच्या काठावर बसून वर पाहत राहिले. कुसुमबाई त्याच्या गुडघ्यांना तेल लावत होती. "काहीही होऊ दे," ती म्हणाली, "पन असं शेत मी पाहिलं नव्हतं."

पिल्लं निघाली. धान पिकलं. पण आता कापायला वेळ कुठं? ढग तलावावर येऊन बसले होते आणि पूल उद्या द्यायचा होता. सुशिलाबाई म्हणाली, "कापाचं कायले? उचला."

रोपांची मुळं त्या लोण्यासारख्या मातीत एकमेकींत विणली गेली होती, चटईसारखी. बायांनी एका टोकाला हात घातला, हलकेच सोडवलं, आणि अख्खी बांधी सुटी झाली. मग सगळ्या तिच्याखाली शिरल्या. डोक्यांवर चुंबळी, चुंबळींवर शेत. आंबेटोल्याची सगळी बाईमाणसं ओळीनं चालायला लागली आणि पिकलेलं धान त्यांच्या डोक्यांवरून लाटा मारत निघालं. मध्यभागी सारस उभे, पिल्लं पंखाखाली, एकही पाय न हलवता प्रवास करत. सुशिलाबाईच्या दारासमोर जिथं खड्डा होता, तिथं शेत अलगद खाली ठेवलं.

"अन् पानी?" सुमित्राबाईनं विचारलं. "बांधीतलं पानी?"

"पानी पुलावरच राहिलं. बांध गेले तरी सवयीनं उभं होतं. मी म्हणालो, जा आता, तेव्हा गेलं."

सुमित्राबाई डोळे अर्धे मिटून रुळांकडे पाहत होती. भैय्यालालही पाहत होता. धुक्यात बायांची ओळ चालली होती बहुतेक.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बल्ल्या काढलेल्या, स्लॅब धुतलेला. साहेबांनी हातोडीनं ठोकून पाहिलं तर घंटेसारखा वाजला. इतकं पाणी कोणत्या काँक्रीटला मिळतं? देवाजी समोर उभा राहिला, टॉवेल हातात पिळत. शेठ जीपला टेकून दोघांकडे पाहत होते.

"साहेब," देवाजी म्हणाला, "मी कळवलं होतं. धान राहू द्या, ते तुमी सांगितलं. सारस राहू द्या, ते वनवाल्यानं सांगितलं. मी ज्या त्या दिवशी कळवलं. हे दिवस आमचे नाही."

साहेब पुलाच्या मध्यभागी गेले. तिथं एक लोंबी राहून गेली होती. ती त्यांनी उचलली, दाणा सोलला, चावला, आणि म्हणाले, "बरोबर आहे. हे दिवस आमचे."

"देवा!" सुमित्राबाई पुटपुटली.

"अन् तिथंच, कठड्यावर टेकून त्यायनं वाढीव दिवसायचं बिल मंजूर केलं," मी म्हणालो. "अन् ठेकेदार, तिसऱ्या दिवशी सगळा पैसा शेठच्या बँकेत! एक पैसा कापला नाही, एक चक्कर मारावी लागली नाही, अन् देवाजी..."

भैय्यालाल बाकावरून ताडकन उभा राहिला. त्याची पिशवी खाली पडली.

"खोटं!" तो इतक्या जोरात ओरडला की सगळं स्टेशन वळून पाहू लागलं. "बुढ्या, पुलावर धान लागलं, मानलं. सारसानं ॲडव्हान्स घेतला, तेही मानलं. बाया शेत उचलून घेऊन गेल्या, तेव्हा मी काही बोललो? पन वाढीव दिवसायचं बिल तिसऱ्या दिवशी? तिसऱ्या दिवशी! साफ खोटं बोलून राहिला तू!"